मावशीचं वर्ड रोज बंद पडायचं, त्याचं कारण सापडेपर्यंतची पूर्ण हकीकत

माझी मावशी कराडला दस्त टायपिंगचं काम करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र असलं सगळं, गेली तीसेक वर्षं. सुरुवात टाइपरायटरवर झाली, नंतर कॉम्प्युटर आला. वकील शेजारी उभं राहून बोलत जातात आणि ती तसंच्या तसं उतरवते, कीबोर्डकडे बघायची तिला गरजच पडत नाही. तर या बाईचं वर्ड मार्चपासून रोज मधेच बंद पडायला लागलं. स्क्रीन क्षणभर पांढुरकी व्हायची आणि काय झालं ते कळायच्या आत खिडकी गायब, मागे नुसता डेस्कटॉप. एखाद्या दिवशी सकाळीच दोनदा, एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच नाही आणि मग लागोपाठ तीनदा. कशाचा कशाला मेळ नाही.

मी पुण्यात कॉम्प्युटर सपोर्टचंच काम करते, तरी तिचा मला फोन आला तो थेट मे महिन्यात. "तुला ऑफिस असतं गं, कशाला मधे मधे त्रास द्यायचा" हे तिचं म्हणणं. तोपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने ऑफिस दोनदा काढून परत टाकलं होतं, व्हायरस आहे म्हणून नवीन अँटीव्हायरस विकला होता, आणि शेवटी फॉरमॅट मारायला लागेल असं सांगून गेला होता. फोन आला त्या दिवशी सकाळी तिचं एक १४ पानी खरेदीखत चालू होतं, सब-रजिस्ट्रार ऑफिसात साडेअकराची वेळ घेतलेली, दोन्ही पार्ट्या गावाहून येऊन बसलेल्या, आणि १०:५० ला चतुःसीमेचा तक्ता भरताना वर्ड गेलं. ते तिने कसंबसं परत टाईप करून वेळेत दिलं पण फोनवर आवाज रडवेला होता. म्हणाली, "माझ्याच हाताला काहीतरी झालंय बघ, वय झालं, मी कुठलं तरी चुकीचं बटण दाबत असणार."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जिने हजारो लोकांच्या जमिनीचे कागद एका अक्षराची चूक न करता टाईप केले ती स्वतःच्या बोटांवर शंका घ्यायला लागली होती. म्हणून पहिली गोष्ट मी तिला ही सांगितली की मावशी, तू कुठलंही बटण दाब, चुकीचं दाब, चार एकदम दाब, तरी प्रोग्रॅम असा कोसळता कामा नये, कोसळत असेल तर दोष तुझा नाहीच.

मग कारण शोधायच्या आधी काम वाचवायचं बघितलं. वर्डमध्ये ऑटोरिकव्हर म्हणून सोय असते, ती मूळ सेटिंगला दर १० मिनिटांनी एक प्रत बाजूला काढून ठेवते. मावशीच्या वेगाला १० मिनिटं म्हणजे दीड-दोन पानं. ऑप्शन्समध्ये सेव्ह या भागात जाऊन ते २ मिनिटांवर आणलं. तिथूनच पुढे ॲडव्हान्स्डमध्ये कायम बॅकअप प्रत ठेवायची खूण असते, ती पण लावली. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते हे निघालं की बंद पडल्यावर वर्ड परत उघडलं की डाव्या बाजूला एक पट्टी येते, त्यात वाचवलेल्या प्रतींची यादी असते, आणि मावशी ती पट्टी घाबरून बंद करत होती! तिला वाटायचं हा पण त्या बिघाडाचाच भाग. दोन महिने तिचं अर्धंअधिक काम तिथे डावीकडे दिसत होतं आणि ती नव्याने टाईप करत होती. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ना दुकानदाराने ना आणि कुणी. आता ती पट्टी आली की वेळ बघून सगळ्यात अलीकडची प्रत उघडायची आणि लगेच नावाने सेव्ह करायची, एवढं तिने एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं.

दुसरी गोष्ट, वही. मी तिला म्हटलं एक वही घे आणि प्रत्येक वेळी बंद पडलं की चार गोष्टी लिही: किती वाजले, शेवटचा शब्द कुठला टाईप करत होतीस, त्याच्या आधी काय केलं होतंस, आणि आणखी काय काय उघडं होतं. ती म्हणाली याने काय होणार, पण लिहायला लागली. ९ दिवसात २३ नोंदी झाल्या. अक्षर तर असं की छापलंय वाटावं.

इकडे मी रोज रात्री तिच्या कॉम्प्युटरला लांबून जोडून नेहमीचे उपाय करत होते. वर्ड सेफ मोडमध्ये उघडायला लावलं, म्हणजे कंट्रोल दाबून धरायचं आणि वर्डच्या आयकॉनवर डबल क्लिक करायचं, मग ते ॲड-इन, म्हणजे वर्डला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, आणि बाकीचा जोडलेला पसारा बाजूला ठेवून उघडतं. दुसऱ्या दिवशी तिने दिवसभर तसंच काम केलं, तरी दोनदा पडलं. मग नॉर्मल टेम्पलेटचं, म्हणजे वर्ड प्रत्येक नव्या कागदासाठी वापरतं त्या साच्याच्या फाइलचं, नाव बदललं, कारण ही फाइल खराब झाली तरी वर्ड कोसळतं, आणि नाव बदललं की वर्ड स्वतःच नवीन बनवून घेतं. काही फरक नाही. मग प्रिंटर. वर्ड पानाची मांडणी करताना डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, विचारत असतं, त्यामुळे प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला की कागद छापायला न टाकता सुद्धा वर्ड पडू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डिफॉल्ट प्रिंटर म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ लावून बघितलं, तरी तेच. रॅमची टेस्ट रात्रभर लावली, रॅम ठणठणीत. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी कटाक्षाने पाळलं, नाहीतर पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं झालं तर कशाने झालं ते कधीच कळत नाही आणि महिन्याने परत सुरू होतं.

शनिवारी मी कराडला गेले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजमध्ये कुठलाही प्रोग्रॅम कोसळला की त्याची नोंद तिथे पडते, विंडोज लॉग्ज मध्ये ॲप्लिकेशन म्हणून भाग आहे, त्यात लाल खुणेची ॲप्लिकेशन एरर बघायची, इव्हेंट नंबर १०००. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या. एक, फॉल्टिंग ॲप्लिकेशन, म्हणजे कोसळलं कोण. आणि त्याच्या खाली फॉल्टिंग मॉड्यूल, म्हणजे कोसळताना नेमका कुणाचा कोड चालू होता. पहिल्या ओळीत अर्थातच वर्ड. पण दुसऱ्या ओळीत वर्डची किंवा विंडोजची कुठलीच फाइल नव्हती, भलतंच एक नाव होतं. सगळ्या नोंदी एकेक करून उघडल्या, मार्चपासूनच्या, आणि जवळजवळ सगळ्यात तेच नाव, तोच ॲक्सेस व्हायोलेशनचा कोड. ॲक्सेस व्हायोलेशन म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा जागेला हात घातला जी त्याची नाही, आणि विंडोजने त्याला तिथल्या तिथे थांबवलं. ती फाइल कुठल्या फोल्डरमधून आली हे पण नोंदीत असतं, ते बघितलं तर मावशीच्या मराठी टायपिंगच्या साधनाचं फोल्डर.

आता मावशीची वही उघडली. २३ पैकी १९ नोंदींमध्ये "आधी काय केलं" या रकान्यात लिहिलेलं, पॅन नंबर, पॅन नंबर, ईमेल, पॅन नंबर. दस्तात प्रत्येक पक्षकाराचं नाव, वय, धंदा, मग पॅन, मग राहणार अमुक, ता. कराड, जि. सातारा असं येतं. पॅन इंग्रजी अक्षरात असतो, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जायचं, दहा अक्षरं टाईप करायची आणि परत मराठीत यायचं. आणि शेवटचा शब्द या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसतं "जि." इथे माझ्या अंगावर काटा आला, कारण दोन बाजूंनी आलेली गोष्ट एकाच ठिकाणी येऊन मिळाली.

हे का होतं ते समजायला मावशीचा कीबोर्ड समजून घ्यायला लागतो. ती शिकली रेमिंग्टन पद्धतीवर, टाइपरायटरवाली. टाइपरायटरवर अक्षर जसं दिसतं तसं उमटवायचं. "जि" टाईप करायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ज, कारण कागदावर वेलांटी डावीकडे आहे. "खर्च" मध्ये ख, मग च, मग वरून रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी साठवायच्या आजच्या ठरलेल्या पद्धतीत, बरोबर उलटं आहे, तिथे बोलण्याचा क्रम चालतो, आधी ज मग वेलांटी, आणि रफार म्हणजे च च्या आधीचा पाय मोडलेला र. म्हणजे रेमिंग्टनवर बसलेल्या माणसाची बोटं एका क्रमाने चालणार आणि फाइलमध्ये ते दुसऱ्या क्रमाने जायला पाहिजे. मधल्या साधनाला वेलांटी हातात धरून थांबावं लागतं, ज आला की आधी ज द्यायचा मग वेलांटी सोडायची, आणि रफाराला तर लिहून झालेल्या अक्षराच्या मागे जाऊन घुसवावं लागतं. हे काम नुसत्या या बटणाला हे अक्षर अशा साध्या कीबोर्ड लेआउटने होत नाही. म्हणून असली बरीच जुनी साधनं चालू प्रोग्रॅमच्या आत आपली एक फाइल सोडतात आणि तिथे बसून अदलाबदल करतात. मावशीचं साधन विंडोज ७ च्या काळातलं, मार्चमध्ये दुरुस्तीवाल्याने नवीन एसएसडी आणि विंडोज ११ टाकलं आणि हे जुनंच परत सीडीवरून बसवून दिलं. भाषा बदलून परत आल्यावर पहिली वेलांटी धरताना ते मेमरीतल्या जुन्या जागेचा पत्ता वापरत होतं. असल्या चुकीत ती जागा अजून तशीच असली तर निभावून जातं आणि नसली तर प्रोग्रॅम कोसळतो, म्हणून दर वेळी नाही, कधीतरीच. आणि म्हणूनच कुणाला मेळ लागत नव्हता.

पण मग फक्त वर्डच का, नोटपॅड किंवा ब्राउझर का नाही? मावशी हेच तर म्हणत होती, बाकी सगळं चालतं, वर्डच खराब आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स भागात वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून प्लॅटफॉर्म हा रकाना चालू करता येतो, त्यात कुठला प्रोग्रॅम ३२ बिट, म्हणजे जुन्या धाटणीचा, आणि कुठला ६४ बिट, म्हणजे नव्या धाटणीचा, ते दिसतं. तिचं ऑफिस २०१६ चं, ते सरळ बसवलं तर ३२ बिटच बसायचं. नोटपॅड, ब्राउझर ६४ बिट. ३२ बिटवाली फाइल ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये शिरूच शकत नाही, तिथे साधन बाहेर राहून काम करत होतं, त्यामुळे कोसळण्याचा प्रश्न नाही. वर्डच्या मात्र आत जाऊन बसत होतं. आणि सेफ मोडमध्ये पण का पडत होतं त्याचं उत्तर पण हेच, सेफ मोड वर्डची स्वतःची ॲड-इन बाजूला ठेवतो, बाहेरून शिरलेल्याला तो अडवत नाही. सेफ मोडमध्येही पडतंय म्हणजे बाहेरच्या कुणाचा दोष नाही, असं मी आधी धरून चालले होते, ते चुकीचं होतं.

अंदाज झाला तरी सिद्ध करायला पाहिजे. कोरं डॉक्युमेंट घेतलं, मावशीला बसवलं, पॅनसारखी दहा खोटी अक्षरं, भाषा बदल, "जि. सातारा", एंटर, परत पहिल्यापासून. सतराव्या वेळी पडलं. परत उघडून केलं तर सहाव्या वेळी. नोटपॅडमध्ये शंभर वेळा, काही नाही. मग ते साधन सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्यांच्या यादीतून बंद केलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, विंडोजचा स्वतःचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला आणि मी स्वतः दीडशे वेळा तेच केलं, बोटं दुखली पण वर्ड हललं नाही. परत जुनं साधन चालू, अकराव्या वेळी पडलं. मावशी शेजारी बसून मोजत होती. अकरा म्हटल्यावर एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी नव्हते गं."

उपाय मात्र वाटला तेवढा सरळ नव्हता. सगळे सांगतात इनस्क्रिप्ट शिका, सरकारी मानक आहे, विंडोजमध्येच येतं, फुकट आहे. खरं आहे, आणि आज नव्याने शिकणाऱ्याला मी पण इनस्क्रिप्टच सांगीन. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप केला की मराठी उमटतं तो) पण आला, व्हॉट्सॲपपुरतं लिहिणाऱ्यांना तो बरा. पण तीस वर्षांची बोटं अशी बदलत नाहीत. मावशीने दोन दिवस मनापासून इनस्क्रिप्टवर करून बघितलं, जे पान पाच मिनिटात व्हायचं त्याला अर्धा तास लागला, आणि दस्ताचे पैसे पानावर मिळतात. तिच्यावर हे लादणं मला बरोबर वाटलं नाही. ६४ बिटचं ऑफिस टाकायचा पण विचार केला, पण त्याने फक्त पडणं थांबलं असतं, जुनं साधन जुनंच राहिलं असतं.

शेवटी त्या साधनाच्या बनवणाऱ्यांना फोन केला. त्यांची नवीन आवृत्ती होती, रेमिंग्टनसकट, आणि ती विंडोजच्या ठरलेल्या मार्गाने चालणारी, म्हणजे विंडोज की आणि स्पेस दाबलं की भाषांच्या यादीत ती रीतसर दिसते. हे तपासायचा सोपा मार्ग हाच आहे, टायपिंगचं साधन त्या यादीत दिसत असेल तर ते विंडोजच्या सांगण्यानुसार चालतंय, आणि नुसतं घड्याळाजवळ आयकॉन बनून बसलं असेल आणि यादीत नसेल तर ते आपल्या वेगळ्या वाटेने घुसतंय. थोडे पैसे भरून ती घेतली.

जुनं काढताना एक काळजी घेतली ती सांगते कारण यात कुणाचंही मोठं नुकसान होऊ शकतं. मावशीचे २००४ पासूनचे दस्त जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. असल्या फाइलमध्ये आत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. साधन अनइन्स्टॉल करताना त्याच्याबरोबर ते फॉन्ट गेले असते तर सगळे जुने दस्त उघडल्यावर नुसती अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसली असती, आणि लोक तिच्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या दस्ताची प्रत मागायला येतात. म्हणून आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते सगळे फॉन्ट पेन ड्राइव्हवर घेतले, मग जुनं काढलं, आणि खरंच सहा फॉन्ट गेले होते, ते परत बसवले. एक २००७ चं बक्षीसपत्र उघडून बघितलं, व्यवस्थित दिसलं, मग पुढे गेलो.

नवीन आवृत्तीवर तीच परीक्षा घेतली, पॅन, बदल, "जि. सातारा", दोनशे वेळा. एकदाही पडलं नाही. रविवारी रात्री मी परत पुण्याला आले आणि सोमवारी दर तासाला फोन करून विचारत होते, शेवटी तीच म्हणाली अगं काम करू दे मला.

याला आता चार महिने झाले. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर म्हणून एक पान असतं, स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप केलं की सापडतं, त्यात कॉम्प्युटर किती स्थिर चालतोय याचा दिवसावार आलेख असतो आणि प्रोग्रॅम कोसळला की त्या दिवसावर लाल फुली येते. मी काम संपवून निघताना तिला ते दाखवलं होतं, तेव्हा दर दिवसाला एक फुली होती. आता ती स्वतः महिन्यातून एकदा उघडून बघते आणि मला फोटो पाठवते, रेघ सरळ वर गेलेली. ऑटोरिकव्हर २ मिनिटांवरच ठेवलंय, ते बदलायचं कारण नाही, लाइट काय कधीही जाते.

राहिलंय ते जुन्या फॉन्टमधले दस्त युनिकोडमध्ये करायचं काम. कन्व्हर्टरमधून काढले तरी रफार आणि जोडाक्षरं एकेक नजरेखालून घालावी लागतात, जमिनीचे कागद आहेत, गट नंबरात किंवा नावात एक काना इकडचा तिकडे होऊन चालत नाही. मावशी दर रविवारी दुपारी चार-पाच दस्त घेऊन बसते, मूळ प्रिंट शेजारी ठेवते आणि ओळीवर पट्टी सरकवत वाचते. २००४ आणि २००५ झाले, आता २००६ चालू आहे.